बत्तीस माणसं, तक्रार शून्य

तळवड्यातल्या त्या संशोधन केंद्रात सगळे खूश होते, एकटी मंजुषा सोडून. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, अपंगांना, सगळ्यांनाच वापरता येतील अशा वस्तू बनवायच्या, म्हणून विद्यापीठानं हे केंद्र काढलेलं. मंजुषानं डोळ्यांनी अधू माणसांसाठी बोलणारी विजेची इंडक्शन शेगडी केली. बत्तीस जणांनी ती वापरून पाहिली आणि तक्रार शून्य! अहो, लग्नाच्या पंगतीला बत्तीस माणसं बसवा, नुसत्या मठ्ठ्यावरून दहा जण नाक मुरडतात. इथं मात्र झाडून सगळ्यांचं "छान".

"मॅडम, यश पचवायला शिका," केंद्रप्रमुख निरंजन सर म्हणाले. "उद्या कंपनीचे साहेब येतायत. त्यांनी हो म्हटलं की आहे अशीच शेगडी कारखान्यात जाईल."

'आहे अशीच' म्हटल्यावर मंजुषानं चाचण्यांची यादी पुन्हा काढली. शेवटची चाचणी तेवढी राहिली होती, खालुंब्र्याच्या सगुणाबाईंची. आजींची नजर अंधूक झालेली. एकदा पदर पेटता पेटता वाचला, तेव्हापासून मुलानं, ज्ञानेशनं, त्यांना गॅसजवळ फिरकू दिलं नव्हतं. आपल्या हातानं चहा करून प्यावा, एवढीच बिचारीची इच्छा.

आजींनी शेगडीवर दूध ठेवलं. ते उतू जाऊन टेबलावरून खाली टपटपायला लागलं, तेव्हा कुठे शेगडी म्हणाली, "कृपया लक्ष द्या."

"आजी, ही उशिरा बोलली ना?"

"असू दे गं. नव्या शेगडीवर दूध उतू गेलेलं चांगलं असतंय. लई झ्याक हाय!"

मंजुषानं कपाळाला हात लावला. आजींना गावी सोडून रिक्षावाले इम्तियाजभाई परत आले, ते हसतच.

"मॅडम, आजी इथं गप्प बसतात का हो? माझ्या रिक्षात तर डबडं म्हणत होत्या तुमच्या शेगडीला. म्हटलं, मग तिथंच सांगा की! तर म्हणाल्या, पोरीनं हौसेनं केलंय, नावं कशी ठेवू? अन् ठेवली तर शेगडीचं कामच बंद करतील. पार घरापर्यंत चालू होतं. एवढं तर त्या फक्त विहिणीबद्दल बोलतात!"

मंजुषा त्या रात्री शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी मंजुषानं आजींना परत बोलावून घेतलं. कंपनीचे साहेब समोर बसले. सगुणाबाईंनी तोंड उघडलं, "लई झ्या..."

"थांबा आजी," मंजुषा म्हणाली. "समजा, ही शेगडी तुम्हाला विहिणीनं आहेरात दिलीय."

आजी ताठ बसल्या. "तिनं? तिला काय कळतंय! बटनं बघा, समदी येकसारखी गुळगुळीत. चाचपून वळखायची कशी? माझं जर्मनचं पातेलं हिला चालत न्हाई. अन् दूध सांडल्यावर बोलती! कृपया लक्ष द्या म्हणं. आगं, दूध वर आलं म्हण की सरळ!"

निरंजन सरांना घाम फुटला. "आजी, काल तर तुम्ही छान म्हणालात!"

"काल ती तुमची व्हती."

अकरा दोष निघाले. साहेबांनी स्वतः लिहून घेतले आणि म्हणाले, "आज माझा होकार नाही. पण हे अकरा काढा, मी परत येतो." निरंजन सरांचा चेहरा पडला. मंजुषाला मात्र आनंदानं रडूच आलं.

तीन महिन्यांनी नवी शेगडी घेऊन सगळे आजींच्या घरी गेले. "दूध वर आलं!" शेगडी वेळेवर ओरडली. ज्ञानेश दारात जीव मुठीत धरून उभा होता, पण आजींनी कुणाला हात लावू दिला नाही. पाच कप चहा त्यांनी एकटीनं केला, एकटीनं दिला.

"फक्कड!" निरंजन सर म्हणाले.

"एक नंबर," साहेब म्हणाले. इम्तियाजभाईंनी नुसती मान डोलावली. मंजुषाचे डोळे भरून आले होते, तिनं घटाघटा कप संपवला.

मग सगुणाबाईंनी आपल्या कपातला घोट घेतला आणि कप दाणकन खाली ठेवला.

"आगं बया! ह्यात साखरच न्हाई! चौघं जणं पिताय अन् येकालाबी बोलता येईना? शिकलेली माणसं तुमी! आसं खोटं छान-छान म्हणत बसला, तर माझा चहा सुधारायचा कवा?"