खांद्यावरचं फडकं

"अहो, आज तुम्ही नुसतं बसायचं," बायकोने खानावळवाल्यांना पुन्हा बजावलं. "कुणी काहीही मागितलं तरी उठायचं नाही. आज तुम्ही पाहुणे आहात."

खानावळवाल्यांनी मुकाट मान डोलावली. बोलायला गेलं तर काळ्या कोटाचं बटण तुटेल अशी त्यांना धास्ती होती. शहराच्या ऐन मध्यावरच्या या बड्या हॉटेलात लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच भेटणार होती. मुलाच्या वडिलांचा म्हणे वाहतुकीचा मोठा धंदा. मग बायको तरी मागे कशाला राहते? तिनेही फोनवर विहिणीला ठोकून दिलं होतं, "आमचे हे हॉटेल लाइनमध्ये आहेत." लेकीला आणि त्या मुलाला खरं काय ते ठाऊक होतं, पण आपापल्या आयांच्या धाकाने दोघंही गप्प होती. लेक सकाळपासून घासभरही जेवली नव्हती. बापाला जगातलं दुसरं काही कळो न कळो, कोण जेवलं नाही ते बरोबर कळायचं, आणि त्याचा जीव त्यातच अडकला होता.

मायलेकी आरशापुढे केस नीट करायला गेल्या आणि घोळ झाला. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंच्या हातून पेला कलंडला. खानावळवाले उठले, समोरचा पांढराशुभ्र नॅपकिन उचलला, टेबल लख्ख पुसलं आणि सवयीने नॅपकिन खांद्यावर टाकला. झालं! काळा कोट आणि खांद्यावर फडकं. आजीबाईंनी पाणी मागितलं, त्यांनी आणून दिलं. पलीकडच्यांनी रिकाम्या ताटल्या उचलायला सांगितल्या, त्यांनी उचलल्या. तेवढ्यात कुणीतरी सूप गार असल्याची तक्रार केली. हे मात्र त्यांना सहन होईना. ते तडक स्वयंपाकघरात शिरले आणि तिथल्या आचाऱ्याला असं फैलावर घेतलं, की त्याने हे कोण, कुठले, काही न विचारता सूप गरम करून दिलं.

सूप देऊन, वाटेतल्या आणखी चार ताटल्या हातावर रचून ते वळले, तोच खांबाआडच्या टेबलावरून एका गृहस्थांनी हळूच खुणावलं. बिचाऱ्यांचा टाय एका बाजूला आणि घाम दुसऱ्या बाजूला चालला होता.

"दादा, यातलं आधी काय उचलायचं हो?" त्यांनी समोरच्या काट्याचमच्यांच्या रांगेकडे बोट केलं. "मुलाच्या सासरचे येणार आहेत. मुलीचे वडील बडे हॉटेलवाले आहेत म्हणे. त्यांची असल्या ठिकाणी रोजची ऊठबस असणार."

हे बडे गृहस्थ कोण, म्हणून खानावळवाल्यांनी मागे वळून पाहिलं. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुम्हाला म्हणून सांगतो," गृहस्थ आणखी जवळ सरकले, "आमच्या हिने त्यांना वाहतुकीचा धंदा सांगितलाय. मी शाळेची गाडी चालवतो. आज माझ्यापायी पोराचं जमलेलं फिसकटलं, तर तो मला एका शब्दाने बोलणार नाही. तेच मला सोसायचं नाही."

खानावळवाल्यांना एकदम भरून आलं. पण हातात लोकांच्या उष्ट्या ताटल्या घेऊन 'मीच तो' म्हणायचं तरी कसं? "निर्धास्त राहा," ते म्हणाले. "मी अगदी समोरच असेन. मी करीन तसं करा."

ताटल्या आत टाकून ते जागेवर येऊन बसतात न बसतात, तोच मायलेकी परतल्या. मागोमाग मुलगा आईला घेऊन आला आणि खांबाआडून वडिलांनाही शोधून काढून टेबलापाशी घेऊन आला. गाडीवाले समोरच्या माणसाकडे बघतच राहिले. खानावळवाल्यांनी उठून त्यांना खुर्ची ओढून दिली.

"बसा. म्हटलं होतं ना, समोरच असेन."

"तुमची ओळख आहे?" दोन्ही बायकांनी एकदमच विचारलं. आत्ताच झाली, असं दोघेही म्हणाले.

सूप आलं आणि खरी पंचाईत झाली. कारण त्या रांगेतलं आधी काय उचलायचं, हे खानावळवाल्यांना तरी कुठे माहीत होतं? पण शब्द दिला होता. त्यांनी छातीठोकपणे सगळ्यात छोटा चमचा उचलला. गाडीवाल्यांनी तोच उचलला. मग दोन्ही विहिणींनी, मग हसू दाबत पोरांनी. कॉफीत साखर ढवळायच्या चमच्याने अख्खं टेबल गंभीर चेहऱ्याने सूप पिऊ लागलं. ते पाहून शेजारच्या आजीबाईंनी आपला मोठा चमचा गुपचूप खाली ठेवला आणि छोटा घेतला. मग त्यांनी सवयीने या टेबलाकडे हाक मारली, "अरे बाबा, जरा पाणी आण."

खानावळवाले अर्धे उठलेसुद्धा. बायकोने डोळे वटारले. तेवढ्यात समोरून गाडीवाल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"तुम्ही बसा, व्याहीबुवा. आज तुम्ही पाहुणे आहात. मी आणतो." आणि नॅपकिन खांद्यावर टाकून ते पाण्याचा जग शोधायला निघाले.

लेकीने पावाचा मोठा तुकडा मोडला, सुपात बुडवला आणि ती जेवायला लागली.