विझरलीचा शिक्का आणि डुकरीण

चहाच्या टेबलावर जुनी पत्रं पसरायची नाहीत, हा विनिफ्रेडचा लग्नापासूनचा नियम. क्लेमंट ऑटवेने तो त्या बुधवारी पहिल्यांदाच इमानेइतबारे पाळला आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. पाळला नसता तर फार तर पत्रावर जॅम सांडला असता. पण हा गृहस्थ बायकोची हाक ऐकताच पत्र घेऊन उठला, दाराजवळच्या छोट्या टेबलावर ठेवून आला आणि केक खायला बसला. आता दाराजवळच्या टेबलावरचं पत्र म्हणजे पेटीत टाकायचं पत्र, हे इंग्लंडातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मेव्हणी डॉर्कस चार दिवस राहायला आली होती. ती बाहेरून आली आणि टोपी काढता काढता म्हणाली, "टाकली हो सगळी पत्रं. आणि क्लेमंट, तू किती रे विसराळू! तुझ्या पत्रावर तिकीटच नव्हतं. मी माझ्याजवळचं लावलं."

"माझं कुठलं पत्र?"

"ते पिवळट, घडीचं. कागद तरी बरा वापरावा माणसाने."

क्लेमंटच्या घशात केक अडकला. ते पिवळट, घडीचं पत्र अठराशे छत्तीस सालचं होतं! तिकीट, लिफाफा या भानगडी निघायच्या आधीचं. कागदाचीच घडी घालायची, वर लाख लावायची, पाठीवर पत्ता लिहायचा आणि टपालहशील घेणाऱ्याने द्यायचं, अशी तेव्हाची रीत. त्या पत्रावर विझरली नावाच्या खेड्याच्या टपालाचा काळा चौकोनी शिक्का होता. असे शिक्के ब्रॅकनबरीच्या टपाल-इतिहास मंडळाच्या माहितीत दोनच. एक हा, टवटवीत, चारी कोपरे शाबूत. दुसरा बर्ट्रम क्वेलकडे, कोणीतरी अंगठ्याने पुसावा तसा. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनातला चांदीचा चषक दरवर्षी क्वेल उचलून न्यायचा आणि क्लेमंट टाळ्या वाजवायचा. यंदा शनिवारी विझरलीचा शिक्का मांडून क्वेलला टाळ्या वाजवायला लावायच्या, या एकाच आशेवर बिचाऱ्याने अख्खा हिवाळा काढला होता.

तो सपाता घालूनच नाक्यावरच्या लाल पेटीकडे पळाला. फटीतून हात घातला. मनगटापर्यंत सहज गेला, पुढे जाईना. बरं, मागे घ्यावा तर मागेही येईना. येणारेजाणारे "छान हवा आहे" म्हणत, जणू काही दिसलंच नाही असं दाखवत पुढे जात होते. तेवढ्यात पोस्टमन पेटी उघडायला आला. त्याने किल्लीने दार उघडलं आणि हात आतून ढकलून मोकळा केला. ढिगाच्या अगदी वर ते पत्र पडलं होतं, कोपऱ्यात राणीच्या मुखवट्याचं कोरं तिकीट मिरवत.

"ते! ते माझं आहे! द्या इकडे!"

"साहेब, पेटीत पडलं ते ज्याच्या नावाचं त्याचं," पोस्टमन शांतपणे म्हणाला. "तुम्हीच नाही का मागे आम्हा पोस्टमनांपुढे यावर भाषण केलंत? तासभर चाललं होतं. मी होतो ना मागच्या रांगेत!"

"अहो, पण ज्याच्या नावाचं आहे तो मेला!"

"कधी?"

"शंभर वर्षं तरी झाली असतील!"

"मग घरच्यांना मिळेल," असं म्हणून पोस्टमनने पत्र पिशवीत टाकलं. पिशवी गाडीत गेली, गाडी वळणापलीकडे गेली. क्लेमंट हात चोळत तिथेच उभा राहिला.

पत्ता होता अँब्रोज टलिस, लोअर हॅझेल मळा. क्लेमंटने शुक्रवारी सकाळीच गाडी काढली. मळा जागच्या जागी होता आणि आश्चर्य म्हणजे टलिसही होते. अँब्रोजच्या खापरपणतवाची विधवा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली दणकट बाई, दारातच उभी होती. पत्र त्याच सकाळी आलं होतं. मोजून दोन दिवस लागले; पहिल्या खेपेलाही तेवढेच लागले होते.

"पत्र तुमचं कशावरून?" टलिसबाईंनी विचारलं.

क्लेमंटने छाती फुगवली. "पाठीवर काळा चौकोनी शिक्का आहे. अक्षरं सरळ, खालची रेघ डावीकडे किंचित जाड. आकारणीचा आकडा तांबड्या नव्हे, काळ्या शाईत. लाख लाल, तिच्यावर शिवणाच्या अंगुस्तानाचा ठसा. कागदाचा उजवा कोपरा..."

"हे सगळं बाहेरचं झालं. बाहेरचं पोस्टमनलाही दिसलं असेल. आत काय लिहिलंय ते सांगा."

"आत?"

"हो, आत."

पत्र क्लेमंटजवळ आलं तेव्हा त्याचे केस काळे होते. भिंगाखाली त्याने त्याचा कण न् कण पाहिला होता. कुठल्या बग्गीने गेलं, कुठे घोडे बदलले, हेही तो झोपेत सांगू शकला असता. पण आत काय लिहिलंय हे बघायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्याच्या मंडळात कोणालाच सुचत नसे.

"आत... आत मजकूर आहे," तो चाचरत म्हणाला.

"वा! फारच बारकाईने वाचलंत की हो," टलिसबाई म्हणाल्या. "नमस्कार. या आता."

"थांबा, थांबा! बायकोला फोन करू द्या. एकच फोन!"

टलिसबाईंनी त्याला घरात घेतलं. विनिफ्रेडने फोन उचलला. क्लेमंटने रडवेल्या आवाजात विचारलं, "विनी, विझरलीच्या पत्रात आत काय आहे, तुला काही..."

"डुकरीण!" विनिफ्रेड ताडकन म्हणाली.

"काय?"

"डुकरीण रे. चॅरिटी भावाला लिहितेय ना! नवा पाद्री तिच्या धाकट्या बहिणीला बघायला येतो, आणि तेवढ्यात डुकरीण दिवाणखान्यात शिरते."

"तू वाचलंस?"

"धूळ पुसताना सगळीच वाचते मी. पत्रं वाचण्यासाठीच असतात, क्लेम. दे त्या बाईंना फोन."

टलिसबाईंनी फोन घेतला आणि पुढचा पाव तास दोघी बायका खिदळत होत्या. क्लेमंट खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. शेवटी वेळ जाईना म्हणून त्याने टेबलावरचं पत्र उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा उलगडलं.

चॅरिटीचं अक्षर बारीक होतं. कागद वाया जाऊ नये म्हणून तिने कडेकडेनेही लिहिलं होतं. नवी विजार घातलेला पाद्री बहिणीशी हवापाण्याच्या गोष्टी बोलतोय. वडील खुर्चीत घोरतायत. डुकरीण आत शिरते, पाद्री टेबलावर चढतो, टेबलाचा पाय मोडतो, चहाची किटली वडिलांच्या मांडीवर. पाद्री डुकरिणीच्या पाठीवर उलटा बसलेला, शेपटी धरून. आणि नेमकी त्याच क्षणी दारात बिशपची बग्गी थांबते! क्लेमंटला हसू आवरेना. त्याने घाईघाईने शेवटची ओळ वाचली. "कागद संपला. दुसरा घेतला तर हशील दुप्पट होईल आणि ते तुला भरावं लागेल, तेव्हा उरलेलं पुढच्या पत्रात."

"अरे, पण बिशप?" क्लेमंट ओरडला.

"तेच म्हणतेय मी!" टलिसबाई म्हणाल्या. फोनमधून विनिफ्रेडही तेच म्हणत होती. किती वर्षं झाली, धूळ पुसताना दर खेपेला तिच्या जिवाला हाच घोर.

आणि क्लेमंटला दुसऱ्याच एका पत्राची पाठ आठवली. हेच बारीक अक्षर, हाच पत्ता, अंगुस्तानाचा ठसा, तारीख आठवडाभराने पुढची. शिक्का मात्र फिका, अर्धाच उठलेला.

"पुढचं पत्र होतं माझ्याकडे," तो हळूच म्हणाला. "घरी आणलं त्याच दिवशी क्वेलला दिलं. अदलाबदलीत."

क्लेमंटला खरोखर लाज वाटली. ती चॅरिटी इतकं जीव ओतून लिहीत होती आणि हा पठ्ठ्या इतकी वर्षं तिची पाठच बघत बसला होता.

"पत्र घेऊन जा," टलिसबाई म्हणाल्या. "पण पुढचं मला कळलं पाहिजे. हे पत्र आता माझ्याही घरी आलंय."

शनिवारी प्रदर्शनात क्लेमंटने आपली पत्रं मांडलेला फळा लावला. क्वेल आला, चष्मा सरसावून वाकला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. विझरलीचा शिक्का तर होताच, पण त्याच्याच शेजारी राणीचं तिकीट आणि त्यावर याच बुधवारची तारीख!

"हे... हे दोनदा गेलंय?"

"दोनदा. त्याच पत्त्यावर," क्लेमंट म्हणाला.

"असं दुसरं देशात नसेल," क्वेल पुटपुटला. "घे बाबा चषक. परीक्षकांनी यायचीही गरज नाही."

हे वाक्य ऐकण्यासाठी क्लेमंट काय काय करायला तयार होता! आणि आता त्याचं लक्ष क्वेलच्या फळ्याच्या खालच्या कोपऱ्याकडे होतं. तिथे जागा भरायला म्हणून ते फिक्या शिक्क्याचं पत्र अडकवलेलं होतं.

"बर्ट्रम, ते मला दे. बदल्यात हे घे."

क्वेल दचकला. "हे? हे म्हणजे, हे?"

"हेच. आत्ता, परीक्षक यायच्या आत."

क्वेलला दाट संशय आला. त्याने खिशातून भिंग काढलं, फिकं पत्र उजेडात धरलं, तिरकं धरलं, हुंगलं. "खरं सांग. मला न दिसलेलं असं काय आहे यावर?"

"वर काही नाही रे," क्लेमंट म्हणाला. ते अक्षरशः खरं होतं, पण क्वेलला काही पटलं नाही. तरी त्याने सौदा केला.

चहाच्या बंबापाशी विनिफ्रेड आणि टलिसबाई वाट बघत होत्या. क्लेमंटने पत्र उलगडलं आणि मोठ्याने वाचायला लागला. बिशप आत आले. डुकरीण पाद्र्यासकट त्यांच्या अंगावरून बाहेर गेली. वडील जागे झाले आणि भिजलेल्या विजारीकडे बघून, हे काम बिशपचंच असं समजून, त्यांनी काठी उचलली. विनिफ्रेड डोळे पुसत होती, टलिसबाईंच्या कपातला चहा बशीत, बशीतला जमिनीवर. "तोवर डुकरीण," क्लेमंट वाचत होता, "चर्चच्या दिशेने निघाली होती. तिथे एक लग्न चाललं होतं. कागद संपला. उरलेलं पुढच्या पत्रात."

"हात्तिच्या!" असं कोणीतरी मोठ्याने म्हणालं. तिघांनी वळून पाहिलं. मागे बर्ट्रम क्वेल उभा होता, हातात बिस्किट, तोंड उघडं. तो कधीचा ऐकत होता कोण जाणे.

"लग्नात शिरली का ती?" त्याने विचारलं.

"आम्हाला काय ठाऊक? तिसरं पत्र कुठे असेल देव जाणे," विनिफ्रेड म्हणाली.

क्वेलने डोळे मिटले. "अंगुस्तानाचा ठसा... बारीक अक्षर... शिक्का उठलेलाच नाही." त्याने डोळे उघडले. "माझ्याकडे आहे. बुटांच्या खोक्यात. फेकून देणार होतो."

"खोकं कुठाय?" तिघांनी एकदमच विचारलं.

थोड्या वेळाने अध्यक्षांनी व्यासपीठावर चांदीचा चषक उंचावून बर्ट्रम क्वेल यांचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. पुन्हा पुकारलं, टाळ्या जरा कमी झाल्या. मग परीक्षक टेबलाखालीही बघून आले. त्या वेळी क्वेलची चिमुकली गाडी गावातून सुसाट निघाली होती. मागच्या सीटवर विनिफ्रेड आणि टलिसबाई बुटांसकट दाटीवाटीने कोंबल्या होत्या, आणि बारा वर्षं क्वेलशी "गुड मॉर्निंग"पलीकडे न बोललेला क्लेमंट पुढे बसून ओरडत होता, "अरे बर्ट्रम, गल्लीतून घे ना, गल्लीतून! तिकडे सिग्नल नाही!"