श्रीमंतांच्या नेत्रांची व सालींच्या काढ्याची हकीकत

॥ श्री ॥ चराचरास उजेड देणारे श्रीभास्कर, त्यांचे चरणी मस्तक ठेवून लिहिले जे: शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सरी राज्याधिपती श्रीमंतांस मधुप्रमेह जडला आणि डोळ्यांपुढे काळे तंतू तरंगो लागले आणि मग दक्षिणेहून गौराक्का नामे वैदीण आणविली. तिणे कांद्याच्या तांबड्या साली, जांभळाच्या साली आणि शेवग्याचा पाला यांचा काढा सांगितला आणि विनंती केली, "महाराज, गेली नजर येणे नाही. रक्तातील साखर डोळ्यामागील पडद्याच्या बारीक शिरा कुरतडते. झाड आपल्या रक्षणास सालीत जो रंग नि तुरटपणा साठविते, तोच तेथे आड उभा करू. राहील तितके राहील. पथ्य मात्र सोडू नये."

श्रीमंतांचे अन्न आधी चाखणारे सटवाजी ढमाले तेथेच उभे होते. वीस वर्षे विषाचा शोध करिता करिता त्यांस दुधातही काळेबेरे दिसे. ते मनी म्हणाले, कांद्याचा कचरा राजाचे मुखी घालिते, ही बाई शत्रूकडील असावी. आणि सटवाजींस स्वतःसही प्रमेह होता व तेच तंतू दिसत होते. परंतु चाकरी जाईल म्हणोन ते कोणास बोलिले नव्हते. मग त्यांणी ऐसे केले की, काढा आला म्हणजे आडोशास जाऊन आपण सगळा प्यावा आणि श्रीमंतांस गेरूचे गाळीव पाणी सुंठ घालून द्यावे. विष सावकाश चढणारे असेल, तरी आपण मरू, धनी वाचतील, ऐसा निश्चय केला. रोज आपली जीभ पाहावी, नखे पाहावी, आणि काहीच होईना तेव्हा संशय अधिकच वाढावा. ऐसे चौदा महिने गेले.

मग एके सकाळी श्रीमंतांचे डाव्या डोळ्यात रक्त उतरले आणि तो डोळा गेला. दरबारी हाकाटी जाहली, "वैदिणीने घात केला!" गौराक्केस बांधून आणिली आणि कडेलोटाचा हुकूम लिहो लागले. ती इतकेच बोलिली, "काढा पोटात गेला, की नाही गेला, हे आधी पुसा." आपले डोळे आहेत तैसेच आहेत, हे सटवाजींस पक्के ठाऊक होते. ते पुढे होऊन म्हणाले, "सरकार, काढा आपण घेतलाच नाही. मी घेतला."

श्रीमंतांणी एका डोळ्याने त्यांजकडे पाहिले आणि म्हणाले, "सटवाजी, आम्हास राखिता राखिता आमचा डोळा घालविलात." आणि बाईचे दोर सोडविले आणि काढा मागविला. पेला येताच सटवाजींचा हात सवयीने पुढे गेला. श्रीमंत "नको" म्हणाले आणि न चाखिता प्याले. सटवाजी त्यांच्या कंठाकडे पाहतच राहिले, घोट उतरला तरी.

तात्पर्य, उजवा डोळा श्रीमंतांस अखेरपर्यंत पुरला. काढ्याने म्हणावे, पथ्याने म्हणावे, की दैवाने, हे दोघा मनुष्यांवरून ठरत नाही, ऐसे खुद्द गौराक्काच सांगत असे. आणि सटवाजींची चाखण्याची चाकरी त्याच दिवशी गेली. लेखनसीमा.