एकशेचाळीसची चकती

येडशीच्या घाटात महालिंगप्पांची काळी मोटार उकळली, याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. ती दर खेपेला उकळायची. बार्शीहून येताना अर्धा घाट चढला की तोंडातून वाफ सोडायची आणि मुकाट उभी राहायची. पण त्या सोमवारी मागून त्यांच्या साडूची, म्हणजे शिवशरणची, हिरवी मोटार आली. शिवशरण तसाच पुढं निघून गेला असता, तर महालिंगप्पांनी मनातल्या मनात चार शिव्या देऊन विषय मिटवला असता. पण तो थांबला. खाली उतरून त्यानं पाण्यानं भरलेली पितळी चरवी त्यांच्या हातात दिली.

"ठिवा तुमच्याकडंच, अण्णा," तो म्हणाला. "आमच्या गाडीला पाणी लागतच न्हाय."

हेही एक वेळ गिळता आलं असतं. पण मागच्या बाकावर उमाबाई बसल्या होत्या आणि हिरव्या गाडीत त्यांची धाकटी बहीण शांताक्का. उमाबाईंनी वाफेकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, पदर सावरला आणि सैपाकाला उशीर होतोय असं सांगून सरळ बहिणीच्या गाडीत जाऊन बसल्या. हिरवी मोटार घाट चढून दिसेनाशी झाली. महालिंगप्पा चरवी घेऊन उभे राहिले. चरवीच्या काठाखाली शिवशरणचं नाव कोरलेलं होतं आणि पाणी ओतायला ती कशीही धरली तरी ते नाव नेमकं डोळ्यांसमोर यायचं.

धाराशिवात त्या काळी खाजगी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातल्या दोन या साडूंच्या. दोघांच्याही अडती, दोघांचं सासर एकच, आणि थोरला जावई असल्यामुळं शिवशरणनं जे केलं त्यापेक्षा सव्वापट करणं महालिंगप्पांना भागच होतं. शिवशरणनं माडी बांधली तेव्हा यांनी माडीला सज्जा काढला. शिवशरणनं गाडीच्या मागं तळहाताएवढी नावाची पाटी लावली तेव्हा यांनी तांबटाकडून बसायच्या पाटाएवढी पितळी पाटी ठोकून घेतली आणि गाडीच्या पुढं, जाळीवर, चांगली मधोमध बसवली. मराठी, उर्दू, कन्नड आणि इंग्रजी अशा चार लिप्यांत तिच्यावर त्यांचं नाव होतं. बार्शीकडून येताना करोडगिरीच्या, म्हणजे संस्थानाच्या जकातीच्या, नाक्यावरचा शिपाई उर्दूतलं नाव वाचून सलाम ठोकायचा. त्या सलामासाठी महालिंगप्पा नाक्यावर गाडी गरजेपेक्षा जरा हळूच घ्यायचे.

संध्याकाळी भाकरी वाढताना उमाबाईंनी बहिणीकडून काढून आणलेली बातमी सांगितली.

"त्यांनी सोलापुराहून इंजनात घालायची थंडीची चकती आणलीया म्हनं. एकशेसाठची. तवापासनं गाडी तापत न्हाय."

महालिंगप्पांनी दुसरी भाकरी घेतली नाही.  चकती आणली ती आणली, पण आपल्याला न विचारता, न सांगता आणली. आणि एकशेसाठची.

आगीत सासरे महांतप्पांनी तेल ओतलं. महांतप्पांची नात महानंदा हिचं लग्न माघात ठरलं होतं. नवरदेव बार्शीचा. लग्नाच्या सकाळी त्याला मोटारीतून घाट चढवून धाराशिवला आणायचा मान कुणाचा, हा प्रश्न निघाला. थोरल्या जावयाचा, असं महालिंगप्पांनी गृहीतच धरलं होतं. पण म्हाताऱ्यानं पानाला चुना लावत निकाल दिला.

"जावईबापू, मान तुमचाच हाय. पर म्या ऐकलंय, उमी परवा शांताच्या गाडीतनं घरी आली. नवरदेव बी तसाच आला तर कसं दिसंल? जी गाडी घाटात उभी ऱ्हाणार न्हाय, ती जाईल."

दुसऱ्या दिवशी महालिंगप्पा हरिबा मिस्त्रीच्या शेडात हजर झाले. हरिबा हा गावातला एकमेव मोटारीचा जाणता. कमी बोलायचा आणि बोललेलं कुणी ऐकत नाही म्हणून आणखी कमी बोलायचा. त्यानं त्यांना समजावून सांगितलं की ही चकती म्हणजे थर्मोस्टॅट, पाण्याच्या वाटेवरचं एक झाकण. इंजिनातलं पाणी ठरल्याइतकं तापलं की ते आपोआप उघडतं आणि पाणी पुढच्या जाळीत थंड व्हायला जातं. एकशेसाठची चकती एकशेसाठ फॅरनहाइट अंशांवर उघडते, तुमच्या गाडीतली एकशेऐंशीवर.

"मग मला एकशेचाळीसची पायजे," महालिंगप्पा म्हणाले.

"बसवतो की. पर झाकण लवकर उघडून काय उपेग? पाणी जाळीत जाणार आन् जाळीला वारा लागला तर निवणार. आप्पा, आधी ती म्होरली पाटी काढा. जाळी समदी झाकलीया तिनं."

महालिंगप्पांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. पाटी काढ, असं आणखी कोण म्हणेल, याचा ते विचार करत होते, आणि त्यांना एकच नाव सुचत होतं.

"तुला शिवशरण भेटला हुता का?" त्यांनी विचारलं.

हरिबानं कपाळाला हात लावला आणि सोलापूरला चिठ्ठी धाडली.

एकशेचाळीसची चकती आठ दिवसांत आली आणि बसली. माघातली कडक थंडी होती. महालिंगप्पा सकाळी तेरला जाऊन आले. सपाट रस्ता, रिकामी गाडी, गार वारा. उष्णतेचा काटा जागचा हलला नाही. इंजिन मधूनमधून पडसं झाल्यासारखं खोकत होतं, एरवी लागतं त्यापेक्षा जास्त पेट्रोल पीत होतं, आणि लढाईमुळं पेट्रोल तर चिठ्ठीवर मोजून मिळायचं. पण त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी गाडी सरळ सासऱ्यांच्या दारात नेली आणि म्हाताऱ्याचा हात धरून बॉनेटवर ठेवला.

"बघा मामा. तेरहून आलीया."

म्हाताऱ्यानं हात फिरवला, दुसरा हातही फिरवला आणि मान महालिंगप्पांना दिला. शिवशरण तिथंच ओसरीवर बसला होता. त्याचं तोंड किंचित उतरलं. ते पाहून महालिंगप्पांना जे सुख झालं, ते त्यांना स्वतःच्या लग्नातही झालं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त साडेबाराचा होता. बार्शीत गाडी सकाळी सुरू व्हायलाच अर्धा तास लागला, कारण गारठलेलं इंजिन तापायलाच तयार नव्हतं. मग फेटा आणि मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, त्याची आई, एक जाडजूड मामा, करवली आणि खबरदारी म्हणून घेतलेला हरिबा, असे सगळे कोंबून गाडी निघाली. नाक्यावर सलाम मिळाला. महालिंगप्पांनी मागं वळून तो नवरदेवानं पाहिला की नाही, याची खात्री करून घेतली.

घाट सुरू झाला तेव्हा ऊन चढलं होतं. पहिल्या वळणाला काटा हलला. दुसऱ्या वळणाला तो पुढं सरकला. तिसऱ्याला महालिंगप्पांनी काट्याकडं बघायचं सोडून दिलं, आणि चौथ्याला, नेहमीच्याच जागी, गाडीनं वाफ सोडली आणि ती उभी राहिली.

नवरदेव रस्त्याकडेच्या दगडावर बसला. त्याची आई पदरानं वारा घेत एकदा वाफेकडं, एकदा महालिंगप्पांकडं बघत होती. मागं, दोन मैलांवर, वऱ्हाड घेतलेली हिरवी मोटार येत होती. ती आली की नवरदेव तिच्यात बसणार आणि शिवशरण त्याला घेऊन मांडवात उतरणार. ते चित्र महालिंगप्पांना एवढं लख्ख दिसलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हरिबा, सव्वाशेची चकती मिळत न्हाय का?" ते केविलवाणेपणानं म्हणाले.

 हरिबानं पिशवीतून पाना काढला आणि त्यांच्यापुढं धरला.

खालून इंजिनाचा आवाज ऐकू येऊ लागला. महालिंगप्पांनी पाटीकडं पाहिलं. चारही लिप्या उन्हात झळकत होत्या. त्यांनी पाना घेतला आणि स्वतःच्या हातानं चारही बोल्ट काढले. हरिबानं जरा दम खाऊन, सोबत भरून घेतलेल्या शिवशरणच्या चरवीनं इंजिनात पाणी ओतलं. पाटी ठेवायला गाडीत जागा नव्हती. मामांची मांडी करवलीनं अडवली होती, टपावर नवरीच्या साड्यांची पेटी होती. शेवटी ती नवरदेवाच्याच मांडीवर उभी ठेवली. हिरवी मोटार वळणावर दिसली आणि काळी मोटार निघाली. मोकळ्या जाळीत वारा घुसला, काटा खाली आला आणि उरलेला घाट तिनं न थांबता काढला.

मुहूर्ताला दहा मिनिटं असताना गाडी मांडवापुढं उभी राहिली. बायका आरती घेऊन पुढं आल्या आणि थबकल्या. नवरदेव छातीशी पाटी धरून बसला होता आणि तिच्यावर ठळक अक्षरांत महालिंगप्पांचं नाव होतं. नवरी हसली, तिच्या मावश्या हसल्या आणि लातुराहून बोलावलेल्या फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. लग्नातला तो एकच फोटो धड आला, म्हणून महांतप्पांनी तोच काचेत घालून ओसरीवर लावला. सासुरवाडीला जाणाऱ्या येणाऱ्याला चार लिप्यांत महालिंगप्पा दिसू लागले.

शिवशरणलाही ते दिसत होते. महिन्याभरात हरिबा बातमी घेऊन आला, की धाकट्या आप्पांनी तांबटाकडं पाटी करायला टाकलीया आणि ती जाळीवर बसवायला बोलावलंय.

"सांगू का त्यांना, उकळंल म्हनून?"

"कशाला?" महालिंगप्पा म्हणाले. "त्यांच्याकडं चकती हाय की."

आपली पाटी त्यांनी परत जाळीवर चढवली नाही, आणि त्यानंतर दर सोमवारी ते चरवी भरून गाडीत ठेवू लागले. तिसऱ्या सोमवारी, बार्शीहून येताना, चौथ्या वळणावर हिरवी मोटार वाफ सोडत उभी दिसली. महालिंगप्पा थांबले. घाई न करता उतरले आणि चरवी शिवशरणच्या हातात देताना काठाखालचं नाव त्याच्याकडं येईल अशी वळवली.

"तुमचीच हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या आता तुमच्याकडं."

शांताक्कांनी वाफेकडं पाहिलं, पदर सावरला आणि त्या उमाबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. काळी मोटार निघाली. महालिंगप्पांना इतकं हलकं वाटलं की ते चक्क गुणगुणू लागले. मागं दोघी बहिणींचं बोलणं चाललं होतं.

"पाटी मोठी दिसती गं तुमची," उमाबाई म्हणाल्या.

"व्हय की. पाच लिप्यांत हाय. आन् मधी नंदी बी कोरलाय."

गुणगुणणं थांबलं. घाटमाथा आला, येडशी मागं पडली. धाराशिवात शिरल्यावर त्यांनी गाडी घराकडं न वळवता तांबटाच्या आळीत घातली.

"हिकडं कुठं?" उमाबाईंनी विचारलं.

"शांताक्का," ते पुढं बघतच म्हणाले, "ती पाचवी लिपी कंची म्हनायची?"