ज्याची फाइल, त्याच्यापासून सुरक्षित

मी आता जे सांगणार आहे ते तुम्हांला खरं वाटणार नाही, यावर मी पैज लावायला तयार आहे. आजवर जितक्यांना सांगितलं त्यांतल्या एकाचाही विश्वास बसलेला नाही, आणि याचा मला अभिमान आहे. ज्या गोष्टीवर कुणीही पटकन विश्वास ठेवतं, ती सांगायला लागतेच कशाला?

तर मूळ सिद्धान्त असा. माणसाची माहिती ही सर्वस्वी त्याची स्वतःची असते. ती भलत्याच्या हाती पडू नये, ही संस्थेची जबाबदारी. आता माहिती बाहेर फोडण्यात सगळ्यांत पटाईत कोण? तर ज्याची माहिती तोच. एकदा का ती त्याला कळली, की तो चारचौघांत सांगत सुटतो. तेव्हा ती पहिल्यांदा जपायची ती त्याच्यापासून. आज हे कुणालाही पटेल, पण जगात सर्वप्रथम ते आमच्या विद्यापीठाच्या लक्षात आलं.

'आमच्या' म्हणालो, कारण त्या काळी मी तिथल्या गोपनीय अभिलेख कक्षाचा प्रमुख होतो. (शेजारचे पोस्टमास्तर आत्ता भुवया उंचावताहेत. त्यांच्या मते मी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. केली ना! सकाळी घड्याळं, दुपारी कक्ष.)

त्याआधी तिथे सगळा अंधारच होता. निकाल फाटकाशेजारच्या भिंतीवर चिकटवत. पोरगा अजून अंथरुणात असायचा आणि दूधवाला दारातून त्याच्या आईला विचारायचा, "वहिनी, रसायनशास्त्र राहिलं हो पोराचं. दूध नेहमीएवढंच ना?" न्हावी वस्तरा गळ्याशी टेकवून म्हणायचा, "पुन्हा बसणार ना परीक्षेला?" आणि त्या अवस्थेत कुणीही 'हो'च म्हणतो. फेरपरीक्षेला जी एवढी गर्दी व्हायची, तिच्यामागे हा न्हावी होता.

मग वरून परिपत्रक आलं. त्यात दोनच वाक्यं. विद्यार्थ्यांचे अभिलेख गोपनीय ठेवावेत. आणि प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतःचा अभिलेख पाहण्याचा संपूर्ण अधिकार राहील. आमचे कुलसचिव फार सज्जन. दोन्ही वाक्यं त्यांनी मनाला लावून घेतली आणि समिती नेमली. समितीच्या बैठका इतक्या गोपनीय, की त्या कधी आहेत हे सदस्यांनाही कळवत नसत. तरीसुद्धा समितीने वेळेत अहवाल दिला, यावरून तिची कार्यक्षमता ध्यानात यावी.

सुधारणा हजेरीपासून सुरू झाल्या. भर वर्गात एखाद्याचं नाव मोठ्याने घेणं म्हणजे अमुक माणूस अमुक ठिकाणी आहे, ही त्याची खासगी माहिती फोडणं. तेव्हा प्राध्यापकांनी नावं मनातल्या मनात घ्यावीत आणि विद्यार्थ्यांनी 'हजर' मनातल्या मनात म्हणावं, असं ठरलं. उपस्थिती एकदम शंभर टक्क्यांवर गेली. (बरेचसे विद्यार्थी घरूनच मनात म्हणत. नियमात जागेचा उल्लेख नव्हता.)

मग फायली हाती घेतल्या. आधी वेष्टनावरची नावं खरवडली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की क्रमांकावरूनही माणूस ओळखू येतो. म्हणून क्रमांक खरवडले. शेवटी सगळ्या फायलींना एकसारखी तपकिरी वेष्टनं चढवली. गुणांची नोंद करणाऱ्यालाही गुण कळू नयेत, म्हणून आमचे मोठे कारकून डोळे मिटून नोंदी करू लागले. (मध्येच डोळा लागला, तर तो कामाचाच भाग धरत.) चुका थोड्या वाढल्या, नाही असं नाही. पण चूक नेमकी कुणाच्या फायलीत झाली हे कळायला मार्ग नसल्याने तक्रारी पार थांबल्या. अशी चोख व्यवस्था मी पुन्हा कुठे पाहिली नाही.

राहिलं परिपत्रकाचं दुसरं वाक्य. अधिकार! त्यासाठी कक्षाला एक खिडकी पाडली आणि वर पाटी लावली, 'तुमची माहिती, तुमचा हक्क.' आता फायलीवर नाव नाही, मग कुणाला कुठली द्यायची? तर अर्जदाराने खिडकीशी येऊन आपल्या फायलीत काय काय आहे ते तोंडी सांगायचं. ते जिच्याशी जुळेल ती फाइल त्याची. म्हणजे आत काय आहे हे ज्याला ठाऊक असेल, त्याला आत काय आहे ते बघता येई. माणसावरून फाइल शोधणं ही जुनी, रानटी पद्धत. आमच्याकडे फायलीवरून माणूस शोधत.

एक दिवस खिडकीशी एक मुलगी आली. तिचं नाव मी सांगणार नाही. गोपनीय आहे.

(इथे घरात संत्रं सोलत बसलेल्या आमच्या हिच्या भाचीचा हात का थांबला, कोण जाणे. सोल, बाई, सोल.)

मुलगी हुशार, चुणचुणीत. तिला हवामान खात्यात नोकरी लागत होती. मुलाखत झाली होती, खुर्चीसुद्धा दाखवून झाली होती. अडलं होतं एवढ्याचसाठी, की शनिवारच्या आत विद्यापीठाचा सहीशिक्क्याचा अभिलेख हजर करायचा. नाहीतर खुर्चीवर दुसरा कुणी. मोठे कारकून खिडकीत बसलेले, डोळे मिटून.

"बोला. छंद कोणता?"

"पोहणं."

"स्वभाव?"

"स्वभाव? मनमोकळा, असं म्हणतात सगळे."

"जीवनातलं ध्येय?"

"हवामानशास्त्र."

कारकुनांनी आत जाऊन सगळी कपाटं चाचपली आणि परत आले. "अशी फाइल नाही. तुम्ही इथे शिकलाच नाहीत."

"अहो, चार वर्षं शिकले! तुम्ही मला रोज बघत होतात!"

"मी डोळे मिटून असतो. तुम्ही शिकलाही असाल, बाई. कक्षाचं त्याबद्दल काही म्हणणं नाही. फक्त तुम्ही त्या नव्हेत."

मुलगी रडकुंडीला आली. आता घोटाळा कुठे होता ते मी सांगतो, कारण मला फायली तोंडपाठ होत्या. प्रवेशाच्या दिवशी या मुलीला गालगुंड झालेलं. तोंड टम्म, बोलता येईना. तेव्हा फॉर्म भरला तो तिच्या आत्याने. (ही आत्या कोण, ते विचारू नका. मला रात्री या घरात जेवायचं आहे.) आणि आत्याने फॉर्म भरला तो आत्याच्या पद्धतीने. छंद, भरतकाम. स्वभाव, हट्टी, बापावर गेलेला. ध्येय, मोठ्यांचं ऐकणे. अंगावरील खूण, डाव्या कोपरावर चट्टा, लहानपणी नको सांगितलं असताना झाडावर चढली म्हणून. चार वर्षं ती मुलगी कागदोपत्री याच रूपात शिकत होती, आणि बिचारीला पत्ताच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, मग आत्यालाच विचारायचं. तिथेच तर गोम होती. या मुलीला संख्याशास्त्रात किती पडले, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. (तिला स्वतःलाही पेपर कसा गेला एवढंच ठाऊक होतं.) विचारलं की ती म्हणायची, "बरे पडले." विद्यापीठाच्या पाहणीनुसार 'बरे' या शब्दाची व्याप्ती चारपासून चौऱ्याण्णवपर्यंत आहे. आईने विचारलं, वडिलांनी विचारलं, 'बरे'. आत्याला मात्र या 'बरे'ने झोप येईना. तिने अख्ख्या गल्लीला 'आमची पोरगी संख्याशास्त्रात पहिली' असं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि आता लोक आकडा मागत होते. म्हणजे आत्याला बोलवावं तर गुण जातात, न बोलवावं तर नोकरी जाते.

"काका, पुरे आता," भाची म्हणाली.

"मी नाव घेतलंय का कुणाचं?"

"नाव घ्यायचं काय ठेवलंय तुम्ही?"

"मग तुला का लागावं? खा तू संत्रं."

असो. शुक्रवारी मुलीने मन घट्ट केलं आणि आत्याला सांगितलं. आत्या तडक आली. पण साधी नव्हे. विद्यार्थिनी म्हणून उभं राहायचं, तर तसं दिसायला नको? दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी, खांद्याला दप्तर, आणि वय दिसू नये म्हणून चष्मा घरी. दप्तरात काय होतं म्हणाल, तर भरतकाम.

"छंद?"

"भरतकाम. हे बघा, सोबत आणलंय."

"स्वभाव?"

"हट्टी. बापावर गेलेला."

"ध्येय?"

"मोठ्यांचं ऐकणे. पण ऐकतंय कोण?"

"खूण?"

"डाव्या कोपरावर चट्टा. तरी मी सांगत होते, झाडावर चढू नकोस म्हणून!"

सगळं अक्षर न् अक्षर जुळलं. कारकून उभे राहिले. त्यांच्या साऱ्या नोकरीत पहिल्यांदाच पूर्ण जुळणारा अर्जदार मिळाला होता. तिथल्या तिथे आत्या ही ती विद्यार्थिनी असल्याचं प्रमाणपत्र निघालं, आणि खऱ्या मुलीला लेखी कळवण्यात आलं, की तुम्ही त्रयस्थ व्यक्ती असून सदर अभिलेखाशी तुमचा संबंध नाही. बघायचा असल्यास विद्यार्थिनीची, म्हणजे आत्याची, संमती आणावी.

"देते की संमती," आत्या वेणी मागे टाकत म्हणाली. "पण आधी मी बघणार. माझी फाइल आहे."

फाइल आली. आत्याने उघडली, लांब धरली, जवळ धरली, तिरकी धरली. चष्मा घरी! कारकुनांना वाचून दाखवा म्हणावं, तर त्यांचे डोळे मिटलेले. शेवटी नियमाचा आधार घेऊन, दृष्टी अधू असलेल्या विद्यार्थिनीची मदतनीस म्हणून, आमच्या मुलीची नेमणूक झाली. अशा रीतीने तिने स्वतःची फाइल पाहण्याचा अधिकार बजावला. दुसरा कायदेशीर मार्ग त्या विद्यापीठात नव्हता.

मुलगी वाचू लागली. भौतिकशास्त्र, गणित, भाषा, सगळं खणखणीत आवाजात. मग म्हणाली, "संख्याशास्त्र..." आणि तिला असा खोकला आला, की कारकुनांनी घाबरून एक डोळा उघडला. (त्याबद्दल पुढे त्यांना ताकीद मिळाली.)

"किती म्हणालीस?"

"बरे आहेत, आत्या."

आणि फटकन फाइल मिटून तिने ती पाकिटात घातली आणि वर लाख ओतायला लावली. पाकिटावर शिक्का बसला, 'आतील माहिती गोपनीय असल्याने पाकीट उघडू नये.' हवामान खात्याच्या साहेबांनी ते उजेडासमोर धरून पाहिलं, हातात तोलून पाहिलं आणि म्हणाले, "वजनदार अभिलेख आहे." मुलगी नोकरीवर रुजू झाली. न बघता अनुमान काढण्याची त्या खात्याला सवय असतेच.

पदवी अर्थात आत्याला मिळाली. वेण्या घालून ती समारंभात गेली आणि घेऊन आली. ती काय, समोर भिंतीवर टांगलेली आहे.

"ते कॅलेंडर आहे," जावई म्हणाले.

कॅलेंडरच्या मागे. काढू नका, खिळा सैल आहे.

इथे खरं तर गोष्ट संपते. एका मुलीची नोकरी वाचली, गुणही वाचले, आणि इतकी वर्षं तो आकडा कुणाच्या कानावर गेला नाही. आता तुम्हीच सांगा, मंडळी, अशा वेळी सभ्य माणसाने काय करावं? मनोमन त्या मुलीला नमस्कार करावा आणि उठून आपापल्या कामाला लागावं. पण उठलं का कुणी? पोस्टमास्तर, इतकी वर्षं तुम्ही लोकांची बंद पाकिटं वाटलीत, आणि आज खुर्ची पुढे ओढून बसलात. सूनबाई, गॅसवर दूध आहे, तरी तू दारात उभी. आणि हे ज्यांच्यापर्यंत पुढे पोचेल, त्यांनी तरी दुसऱ्याच्या पोरीची फाइल इथवर उलगडताना तिची संमती घेतली होती का?

"ते राहू द्या हो," पोस्टमास्तर म्हणाले, "गुण किती पडले?"

"काका, खबरदार!" भाची म्हणाली.

"सांगा ना, बाबा," सूनबाई म्हणाली. "इथे कोण परकं आहे?"

मी सगळ्यांकडे पाहिलं. घसा साफ केला. अभिलेख कक्षाच्या माजी प्रमुखाला शोभेल अशा जड आवाजात म्हणालो, "आता इतका आग्रहच आहे तर सांगतो. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत. अकरा."

संत्र्याच्या साली उडाल्या. भाची ताडकन उभी राहिली, आणि गल्लीतल्या टोकाच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली,

"अकरा? धडधडीत खोटं बोलताय, काका! छत्तीस होते! शंभरांत छत्तीस!"