सी पर्यंतचा जावई

इंग्रजीचं म्हणाल तर अख्ख्या देऊळगाव राजात माझ्याइतके भारी शब्द कुणाकडे नव्हते! बुलढाण्याहून मी जाडजूड डिक्शनरी आणली होती आणि पाढे घोकावेत तशी ती पहिल्या पानापासून मोठ्यानं पाठ करत होतो. एक अक्षर संपल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही, असा माझा नियम होता. मी सी पर्यंत पोचलो होतो.

तेवढ्यात सुलतानपूरच्या उकंडराव पाटलांची मुलगी कोकिळा मला सांगून आली. तिला मी बालाजीच्या जत्रेत पाहिली होती, आणि आता मला दुसरी कुठलीच मुलगी नको होती. पण उकंडरावांची अट होती.

"जावई इंग्रजीवाला पायजे. डिप्टी कमिशनर साहेब दौऱ्यावर येते, अन् मी त्याच्यापुढं मुक्यावानी उभा राह्यतो. आता जावई बोलन."

परीक्षा घ्यायला त्यांनी गफ्फारचाचांना बसवलं. चाचांनी उभी हयात बुलढाण्यात साहेबाच्या बंगल्यावर खानसामा म्हणून काढलेली. बैठक गच्च भरली. दाराआड बांगड्या वाजल्या.

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "सांगा, जेवनाच्या आंधी साहेब काय पेते? इंग्रजीत सांगा."

उत्तर होतं सूप, हे मला मागाहून कळलं. म्हणजे एस मधलं! तिथवर माझी बैलांची दमणी पोचायला अजून कैक पावसाळे होते.

"काऊन गप बसले, पाहुणे?" उकंडराव म्हणाले.

कोकिळा हातची चालली होती. मग मी छाती फुगवली आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. "ॲबॅन्डन! ॲबेट! ॲबॉमिनेबल! ॲबसर्ड!" लालबुंद होत, एका दमात थेट 'कॅलॅमिटी'पर्यंत गेलो.

चाचा ताडकन उठले आणि हात बांधून उभे राहिले. त्यांना एकही शब्द कळला नसावा, पण भरल्या बैठकीत ते कबूल कसं करणार?

"पाटील, पोरगं अस्सल हाय," ते म्हणाले. "साहेब खफा झाला का असाच बोलते."

लग्न ठरलं! दमणीतून परतताना मी स्वतःला नागपूरचा गव्हर्नरच समजत होतो.

लग्नानंतर एकदा वरणात मीठ जास्त पडलं. मी ताट सरकवलं आणि 'ॲबॅन्डन'पासून सुरुवात केली. कोकिळानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ताट उचललं.

"ताट काऊन नेऊन राह्यली?"

"गफ्फारचाचानं मले सांगितलं हाय. साहेब असा भडकला का मडम त्याले उपाशी ठेवे. मंग साहेब 'सॉरी' म्हने, तवा त्याले जेवन भेटे. म्हना आता."

हेही एस मधलंच. पोटात कावळे ओरडत होते. शेवटी मी नियम मोडला, सी वरून थेट एसवर उडी घेतली, आणि ते खारट वरण दोनदा मागून खाल्लं.