पाहुण्याची पसंती अनिवार्य

घरी केलं तर ते काम आणि परगावी केलं तर तो अनुभव, या भक्कम पायावर आजचा सगळा पर्यटन-व्यवसाय उभा आहे. घरी लिंबू चिरायला सांगितलं की ज्याची पाठ धरते, तोच माणूस परगावी लिंबू चिरायला मिळावं म्हणून महिनाभर आधी नाव नोंदवतो, रांगेत उभा राहतो आणि चिरलेल्या लिंबाशेजारी हसरा फोटो काढून घेतो. याला कोणी हसू नये. माणूस मुळात कष्टाळू आहे; फक्त त्याला त्यासाठी गाडी, हॉटेल आणि तिकीट लागतं.

आम्ही चौघं सहलीला गेलो तेव्हा त्या गावात पाहण्यासारखी एक डिस्टिलरी होती आणि न पाहण्यासारखं बाकी सगळं. डिस्टिलरीत ‘स्वहस्ते कॉकटेल’ नावाचा वर्ग चालतो, हे आमच्या साडूंनी शोधून काढलं. आमचे साडू वजनमापे निरीक्षक आहेत. त्यांची गाडी बाजाराच्या तोंडाशी दिसली की दुकानदार तराजू पुसायला घेतात. असा काटेकोर माणूस नात्यात असणं भाग्याचं असतं. (हे भाग्य शक्यतो लांबून उपभोगावं.)

साडूंचा काटेकोरपणा कचेरीपुरता नाही. घरी रोज ते पहिला घास घेतात, डोळे मिटतात आणि सगळं टेबल श्वास रोखून थांबतं. मग ते म्हणतात, “चांगलं आहे. पण काहीतरी कमी आहे.” काय कमी आहे, हे त्यांनी लग्न झाल्यापासून आजतागायत सांगितलेलं नाही. दोष दाखवणं हे निरीक्षकाचं काम. दुरुस्ती संबंधितांनी करायची असते.

संबंधित म्हणजे ताई, माझ्या बायकोची थोरली बहीण. ताई फिजिओथेरपिस्ट आहेत. लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे त्या हसतमुखाने वाकवतात, आणि समोरचा विव्हळला की प्रेमाने म्हणतात, “छान. आता पुन्हा.” माझी बायको बालवाडीत शिकवते. ती दिवसभर शंभरेक चित्रांना ‘छान’ म्हणते. मी विमा कंपनीत लोकांचे दावे फेटाळतो. चौघांपैकी कोणीही दारूतला जाणकार नव्हता, हे वर्गात बसायला पुरेसं होतं.

वर्ग भट्टीच्या शेजारच्या खोलीत भरत होता. काचेपलीकडे पोटं सुटलेले तांब्याचे हंडे ओळीने उभे होते आणि मधूनच एखादा नळ फुसकारत होता. जमिनीवर रबराच्या जाळ्या, हवेत आंबलेल्या धान्याचा वास. प्रत्येक टेबलावर बर्फाचं घमेलं, लिंबं, साखरेचा पाक, त्याच भट्टीतली जिन आणि ड्रॉपर लावलेली एक काळी बाटली. बाटलीत साली आणि मुळ्या मुरवून काढलेला कडू अर्क होता.

शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. बर्फात हात घालून त्यांची बोटं कायमची लाल झाली होती. “प्रत्येक टेबलावर एक जण बनवणार,” त्या म्हणाल्या, “आणि एक जण पाहुणा म्हणून स्टुलावर बसणार. कोण काय, ते तुमचं तुम्ही ठरवा.”

ठरवायला वेळ लागला नाही. बनवणाऱ्याला चामड्याचा एप्रन आणि चकचकीत शेकर मिळणार होता, त्यामुळे सगळे नवरे एका ढांगेत टेबलामागे गेले. (एप्रन कापडी असता तर चित्र वेगळं दिसलं असतं.) आमच्याखेरीज एक नवपरिणीत जोडपं होतं आणि एक दाढीवाले गृहस्थ एकटेच आले होते. ते बनवणारही स्वतः आणि पाहुणाही स्वतः, असं ठरलं.

बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं : ‘पाहुण्याने पसंत केल्याखेरीज कृती पूर्ण झाली असे मानले जाणार नाही. पाहुण्याची पसंती अनिवार्य.’

“हे आपलं गमतीनं,” बाई म्हणाल्या. “आजवर इथं कोणी नापसंत झालेलं नाही.”

साडूंनी सर्वप्रथम जिन मोजायचं माप हातात घेऊन उलटंपालटं केलं. “यावर शिक्का कुठाय?”

“शिक्का नाही. पण कमीजास्त झालं तर पिणाऱ्याला कळतंच की.”

“पिणाऱ्याला कळणं हा पुरावा होत नाही,” साडू म्हणाले आणि मोठ्या मनाने पुढे झाले. त्यांनी जिन डोळ्यांच्या रेषेत धरून मोजली. लिंबाचा रस गाळला, पुन्हा गाळला. अर्काचे सांगितलेले दोन थेंब टाकले. शेकर खांद्यावर धरून असा हलवला की पलीकडचा हंडासुद्धा ओशाळावा. मग गाळून, ग्लासाची कड पुसून, त्यांनी तो ताईंपुढे ठेवला.

त्यांनी काही तयार करून ताईंपुढे ठेवण्याची ही पहिलीच वेळ होती. हे माझं मत नव्हे. ताईंच्या चेहऱ्यावर तसं स्पष्ट दिसत होतं. त्यांनी ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

“चांगलं आहे,” ताई म्हणाल्या. “पण काहीतरी कमी आहे.”

साडू मोकळेपणाने हसले. विनोद आपल्यालाही कळतो, हे दाखवायला ते इकडेतिकडे पाहून आणखी हसले. ताई हसल्या नाहीत.

“काय कमी आहे?”

“ते मी कसं सांगू? मी पाहुणी आहे.”

साडूंनी दुसऱ्यांदा केलं. “छान,” ताई म्हणाल्या, “आता पुन्हा.” तिसऱ्यांदा केलं तेव्हा साडूंच्या कपाळावर घाम होता आणि चामड्याच्या एप्रनवर पाकाचा ओघळ. ताईंनी घोट घेतला, मान तिरकी केली आणि ग्लास बोटाने हळूच पुढे सरकवला. घरी साडू ताट असंच सरकवतात. फक्त ताईंच्या सरकवण्यात जास्त सफाई होती. नुसतं बघून बघून माणूस किती तयार होतो!

या अवधीत मी मात्र पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झालो होतो. मी ग्लास पुढे ठेवला आणि बायको म्हणाली, “छान!” नवपरिणीत वराला तर ग्लास ठेवण्याआधीच पसंती मिळाली. दाढीवाल्यांनी स्वतःला घोट दिला, स्वतःशी मान डोलावली आणि स्वतःचं अभिनंदन केलं. मला साडूंची कीव आली आणि ती मी लपवली नाही.

“आमच्याकडे बुवा अशी कटकट नसते,” मी म्हणालो. “काहीही द्या, ही छानच म्हणते.”

माझी बायको ताईंकडे बघत होती. मग तिनं समोरच्या ग्लासाकडे बघितलं आणि तो माझ्याकडे सरकवला.

“माझं ‘छान’ मागे घेते,” ती म्हणाली. “मी चाखलंच नव्हतं.”

“मग म्हणालीस कशाला?”

“सवयीनं हो. तुम्ही बालवाडीतल्या पोरासारखे तोंडाकडे बघत उभे होतात.”

एकदा दिलेली पसंती मागे घेण्याची तरतूद पाटीवर नव्हती. पण तसं करायला बंदीही नव्हती. (दावे फेटाळण्याच्या माझ्या अनुभवानुसार अनर्थ नेहमी अशाच फटीतून आत येतो.) पलीकडून नवरी मुलगी हळूच म्हणाली, “ऐक ना, मलाही थोडं आंबट लागलं.” नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू लग्नाची पत्रिका आत्ताच पहिल्यांदा नीट वाचली. दाढीवाल्यांनी आपला ग्लास पुन्हा चाखला आणि ते म्हणाले, “मीपण घाईच केली.” त्यांनी स्वतःला नापास केलं आणि पुन्हा लिंबू चिरायला घेतलं.

वर्गाची वेळ संपली. बर्फाची घमेली दुसऱ्यांदा भरून आणावी लागली. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत व्यवस्थापक आले. पुढची तुकडी बाहेर खोळंबली होती. सगळा प्रकार समजून घेऊन ते ताईंपुढे वाकले.

“बाई, पसंत म्हणून टाका ना. सगळेच म्हणतात.”

“खोटं म्हणू?”

“खोटं नाही हो, रीत असते ती.”

“रीत मी घरी पाळते,” ताई शांतपणे म्हणाल्या. “इथं मी तिकीट काढून बसलेय.”

व्यवस्थापकांनी किल्ल्या खिशात टाकल्या; ग्राहकाचं बरोबर असतं, असं त्यांच्याच प्रवेशद्वारावर लिहिलेलं होतं. शेवटी शिकवणाऱ्या बाई साडूंजवळ गेल्या. “साहेब, यांना मुळात काय आवडतं? आंबट की गोड?”

“गोड,” साडू क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. “आमच्याकडे जेवणात गोड लागतंच.”

“कोणाला लागतं?”

“मला,” साडू म्हणाले.

काचेपलीकडचा नळ नेमका तेव्हाच फुसकारायचा थांबला. आपण काय बोललो, हे साडूंना आमच्यानंतर जरा उशिरा कळलं. त्यांनी शेकर खाली ठेवला. हात एप्रनला पुसले, जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसले. मग ते ताईंकडे वळले आणि नव्या अधिकाऱ्यापुढे उभं राहावं तसे उभे राहिले.

“अगं, तुला काय आवडतं?”

ताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मजेचा प्रसंग होता. त्या काहीतरी खोचक बोलणार म्हणून आम्ही आधीच हसायच्या तयारीत होतो. पण त्यांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा खट्याळपणा हळूहळू निघून गेला.

“माहीत नाही हो,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे आठवत नाही. सगळ्यांचं लक्षात आहे. तुम्हाला गोड, मुलाला तिखट, सासूबाईंना अळणी. माझं…” त्या थांबल्या. “लहानपणी काहीतरी होतं.”

“कडू!” माझी बायको स्टुलावरून जवळजवळ ओरडलीच. “ताई, तू बाबांच्या औषधाची बाटली चाटायचीस! आई मारायची तरी चाटायचीस!”

“हो गं,” ताई म्हणाल्या, आणि कोणीतरी जुना ओळखीचा माणूस दारातून आत आल्यासारख्या हसल्या. “कडू. घरात कडू काही होतच नाही ना. ह्यांना चालत नाही.”

साडूंनी नवा ग्लास घेतला. पाक टाळला. अर्काचे दोन थेंब टाकले.

“आणखी,” ताई म्हणाल्या.

“सांगितलेलं प्रमाण दोन थेंबांचं आहे.”

“आणखी.”

कमी माप दिलं म्हणून त्यांनी भल्याभल्यांना दंड केला होता. जास्त दिल्यास काय करायचं, याचं कलम त्यांना आठवेना. त्यांनी एक थेंब टाकला, पाटीकडे पाहिलं, आणखी एक टाकला. मग एकाएकी ड्रॉपर बाजूला ठेवला, बाटलीचं तोंड उघडलं आणि सरळ ओतलं. शिकवणाऱ्या बाईंनी डोळ्यांवर लाल बोटं ठेवली.

ताईंनी घोट घेतला. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी टेबलावर एक थाप मारली. “हं! हे!” त्या म्हणाल्या आणि ग्लास जवळजवळ रिकामा केला. “पसंत. उरलंय ते तुम्ही प्या.”

साडू प्यायले. माणसाच्या चेहऱ्याला इतके स्नायू असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी ग्लासाची कड पुसली. मग म्हणाले, “चांगलं आहे.” आम्ही पुढच्या वाक्यासाठी थांबलो. ते आलं नाही.

आता सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मलाही विचारणं भाग पडलं. “तुला गं काय आवडतं?”

“खरं सांगू?” बायको म्हणाली. “मला प्यायला काहीच नको. मला या स्टुलावर नुसतं बसायचंय. कोणी काही विचारायला येणार नाही असं.”

ही कृती वर्गात शिकवलेली नव्हती. मी शेकर खाली ठेवला आणि तिच्याशेजारी उभा राहिलो.

“थोडे पलीकडे उभे राहा,” ती म्हणाली. “उजेड अडतोय.”

मी पलीकडे सरकलो. ती अर्धा तास बसली. पुढच्या तुकडीला तिच्याभोवतीनं आत घ्यावं लागलं. नवपरिणीत जोडपं तोवर चौथ्या ग्लासावर होतं आणि एकमेकांना ‘अजून?’ ‘अजून!’ करत भलतंच खुशीत आलं होतं. दाढीवाले स्वतःशी तडजोडीला आले होते.

डिस्टिलरीने या प्रकारातून योग्य तो धडा घेतला. आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा व्यवस्थापक स्वतः स्टुलावर चढून पाटीचे स्क्रू काढत होते. नव्या पद्धतीनुसार पाहुण्याची पसंती आता दारातच, सही घेऊन, आगाऊ नोंदवली जाते. चव त्यानंतर घेता येते, सक्ती नाही. वर्ग वेळेवर सुटतात आणि समाधानाचं प्रमाण शंभर टक्के आहे. इतका सोपा उपाय आधी कसा सुचला नाही, याचं व्यवस्थापकांना नवल वाटत होतं. मला वाटलं नाही. बहुतेक घरं याच पद्धतीवर सुरळीत चालतात.

तर, वाचकहो, शिकवणाऱ्या बाईंनी साडूंना आंबट की गोड असं विचारलं, तेव्हा तुम्हीही आपल्या घरच्या माणसाच्या वतीने मनातल्या मनात उत्तर देऊन टाकलंत. साडूंसारखंच, क्षणाचाही विलंब न लावता. हरकत नाही. उत्तर बरोबरही असेल. फक्त ती आवड त्यांची आहे की तुमची, एवढं आत जाऊन विचारून या. (बसल्या जागेवरून ओरडून विचारू नका. उठा.)